जिथवर डबा पोचते

मित्रांनो, मला जरा हलवून पाहा. खालच्या दोन कप्प्यांतून खुळखुळ आवाज येईल. ते सांबाराचं बी आहे. तुम्ही कोथिंबीर म्हणता, आमच्या वर्धा जिल्ह्यात तिला सांबार म्हणतात. वरच्या कप्प्यातून मात्र काहीच ऐकू येणार नाही, पण म्हणून तो रिकामा आहे असं समजू नका. त्यात काय आहे ते सांगायलाच मी आज तोंड उघडतो आहे, आणि डब्यानं एकदा तोंड उघडलं की आतलं सगळं बाहेर यायचंच.

मी एक जुना, स्टीलचा, तीन कप्प्यांचा जेवणाचा डबा आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती हिंगणघाटच्या भांड्यांच्या दुकानातली. एक म्हातारबुवा भाचीच्या लग्नात द्यायला भांडी घेत होते. त्यांनी मला उचललं, कडी दोनदा लावून उघडून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाले, "याच्यावर नाव टाक." दुकानदारानं टकटक करणारं यंत्र माझ्या पोटावर धरलं आणि अक्षरं उमटवली : 'चि. सौ. कां. भागीरथा हिस मामांकडून.' त्या वेळी मला फार गुदगुल्या झाल्या. पण नाव मिळालं याचा अभिमानही वाटला. आम्हा भांड्यांवर नाव टाकतात आणि ते एकदा टाकलं की राखेनं घासा, चिंचेनं घासा, निघत नाही. नाव काढणं हा प्रकार आमच्यात नाहीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे हिच्यावरूनच आमच्या घरात मोठा घोटाळा झाला.

भागीरथाबाईसोबत मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहानशा गावी आलो. जाम नावाच्या गावच्या चौकापासून ते फार दूर नाही. तिचे यजमान रूपराव वांगी, भेंडी आणि सांबार पिकवतात. पहिली काही वर्षं मी त्यांच्याबरोबर रोज वाडीत, म्हणजे भाजीच्या मळ्यात, जात असे. दुपारी बोरीच्या सावलीत माझी कडी खट्कन उघडायची आणि भाकरीचा वास सुटायचा. रूपराव अबोल माणूस, पण जेवून झालं की माझ्या झाकणावर दोन बोटांनी टिचकी मारत. ती मी शाबासकीच समजत असे.

मग घरात एक हिरवा प्लास्टिकचा डबा आला. तो हलका, उघडायला सोपा, पडला तर आवाज नाही. झालं! मला फडताळाच्या वरच्या फळीवर टाकलं. स्टीलची भांडी गंजत नाहीत असं लोक म्हणतात. खरं आहे, पण कोणी विचारेनासं झालं की आमच्यावरही धूळ बसते. सात-आठ वर्षं मी तिथे होतो.

तिथूनच मी त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, आचलला, मोठी होताना पाहिलं. या पोरीला एक विलक्षण खोड होती. ती वाडीत जायची आणि झाडांची फुलं मोजायची. किती फुलांमागे किती वांगी धरली, कोणत्या ओळीत किती गळाली, हे सगळं वहीत मांडायची. रूपराव म्हणायचे, "आपली वांगी खात नाई ही, मोजते." पुढे तिला शाळेतल्या सरांनी सांगितलं की या खोडीला संख्याशास्त्र म्हणतात आणि ते कॉलेजात शिकता येतं. त्या दिवसापासून पोरीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

बारावी झाली. वर्ध्याच्या एका कॉलेजात हा विषय होता. पण वर्धा म्हणजे एस.टी.नं चांगला दीड-दोन तासांचा रस्ता, रोज जाणं-येणं जमणार नव्हतं. तिथे खोली करून राहायचं आणि मेसमध्ये जेवायचं, असं आचलनं घरी मांडलं. भागीरथाबाई चुलीपुढे बसली होती. तिनं फुंकणी बाजूला ठेवली.

"मेसचं नाई खाणार माही पोरगी," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं मी डबा धाडीन. जिथवर आपला डबा पोचते, तिथवर आपलं घर. त्याच्यापुढं मी पोरगी धाडत नाई, आत्ताच सांगून ठेवते."

आचल हसून "बरं" म्हणाली. तेव्हा तिला वर्ध्याच्या पुढचं काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई स्टुलावर चढली आणि मला खाली काढलं. हिरव्या डब्याची कडी लागत नाही, एस.टी.त सांडलं म्हणजे? मला चिंच लावून घासलं, तेव्हा पोटावरचं नाव पुन्हा लख्ख दिसायला लागलं. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. म्हाताऱ्या बैलाला पोळ्याच्या दिवशी वाटत असेल तसं मला वाटलं.

आमचा रोजचा क्रम असा असे. भागीरथाबाई पहाटेच उठून पोळ्या लाटायची. लेकीसाठी भाजी वेगळी, पहिल्या आचेवर. ती कधी चाखून पाहायची नाही. डब्यात जायचं अन्न आधी उष्टं करू नये, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. आणि शेवटी ती चिमूटभर मीठ वरून टाकायची. रस्त्यात ऊन लागतं, भाजी आंबू नये, म्हणून. मग मला कापडी पिशवीत घालून ती फाट्यावर यायची. सातला समुद्रपूरहून वर्ध्याकडे जाणारी गाडी येई. तिचे कंडक्टर कैलासभाऊ. त्यांची पाळी नसली तर ते दुसऱ्याला सांगून ठेवत. मला ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं जाई आणि मी ऐटीत वर्ध्याला निघत असे. तिकीट न काढता रोज प्रवास करणारा त्या गाडीत मी एकटाच होतो.

वर्ध्याच्या स्टँडवर आचल उभी असायची. संध्याकाळच्या गाडीनं मला परत धाडायची. निघण्यापूर्वी आईनं तिला एक गोष्ट बजावली होती, "डबा रिकामा धाडू नको व. रिकामं भांडं घरात येऊ नाई." त्यामुळे धुतलेल्या वरच्या कप्प्यात ती रोज काहीतरी ठेवायची. कधी साखरेचा दाणा, कधी कडुनिंबाचा मोहर, पण बहुतेक दिवशी चार ओळींची चिठ्ठी. फोन होता की! पण घरचा फोन म्हणजे आवाज मोठा करून सगळ्यांनी ऐकायचा, आई, बाबा, शेजारची कमलाकाकूसुद्धा. चिठ्ठी फक्त आईची. भागीरथाबाई चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर बोटाखाली धरून ती वाचायची. दोन ओळींना दिवेलागण व्हायची, पण ती दुसऱ्या कोणाला वाचू द्यायची नाही.

पहिल्या दिवशीची गंमत सांगतो. खोलीवर आचलसोबत रंजिता नावाची मुलगी राहायची, सेलूकडची. तिनं भाजीचा एक घास घेतला आणि डोळे मोठे केले.

"अवं, केवढं खारं हाय हे! कशी खाऊन राह्यली तू?"

आचलनं माझं झाकण जवळ ओढलं. "आईच्या हातचं हाय," ती म्हणाली आणि खात राहिली. मग रंजितानं वाटीभर दही आणलं. ते मिसळलं तेव्हा ती भाजी कशीबशी घशाखाली उतरली. संध्याकाळी चिठ्ठी गेली : 'आई, भाजी मस्त झाली.' ती वाचून भागीरथाबाईचं तोंड असं फुललं की दुसऱ्या दिवशी तिनं चिमूट जरा मोठीच घेतली. खोटं बोलण्याचं फळ आचलला रोज दुपारी बारा वाजता मिळायचं. वर्षभर तिनं ते दह्यासोबत खाल्लं आणि एकदाही तक्रार केली नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण डब्यानं सांगावं तरी कोणाला?

पहिलं वर्ष असं सरलं. आचल वर्गात पहिली आली. आणि त्याच महिन्यात कॉलेजात सूचना लागली की दुसऱ्या वर्षापासून संख्याशास्त्र बंद. शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त होत होत्या, त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं आणि विषय घेणारी पोरं होती अवघी सहा. बाकीच्या पाचांनी दुसरा विषय घेतला. आचललाही घेता आला असता.

ती मला मांडीवर घेऊन मॅडमच्या खोलीत बसली होती, म्हणून पुढचं माझ्या कानावर पडलं. मॅडम म्हणाल्या, "पुण्याला एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा आहे. तुझे गुण पाहून ते घेतील. पण विद्यापीठ वेगळं, म्हणून इथून नाव काढावं लागेल. दाखला, मायग्रेशन, सगळी कागदपत्रं याच आठवड्यात तिकडे पोचली पाहिजेत." मग त्यांनी विचारलं, "घरी काय म्हणतील?"

आचल माझ्या कडीशी चाळा करत राहिली. "आई म्हणते, जिथवर डबा पोचते तिथवरच," ती म्हणाली. मॅडमना काही कळलं नाही. मला कळलं, आणि माझं स्टील गार पडलं.

तीन दिवस तिनं कोणालाच काही सांगितलं नाही. फोनवर "सगळं बरं हाय" म्हणायची. पोरीनं आधी घरी विचारायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटतं. पण विचारलं असतं तर आई 'नाही' म्हणाली असती, आणि आईचा 'नाही' तिला मोडता आला नसता. म्हणून तिनं आधी अर्ज दिला, दाखला हातात घेतला, कागदपत्रं पुण्याला धाडली आणि मग चिठ्ठी लिहायला बसली. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं : 'आई, मी कॉलेजातून नाव काढलं. घरी आली की सांगते.' निळ्या जेल पेननं लिहिलेला तो कागद घडी घालून तिनं माझ्या वरच्या कप्प्यात ठेवला. मला नुकतंच धुतलं होतं, आणि पुसायचं राहून गेलं होतं.

मित्रांनो, पुढे जे झालं त्यात माझाही दोष आहे. माझ्या पोटातल्या पाण्यानं शाई फुटली आणि 'कॉलेजातून'मधलं 'तून' पुसून गेलं.

त्या संध्याकाळी ओसरीत बसून भागीरथाबाईनं बोट ठेवत वाचलं, "आई... मी... कॉलेजा... कॉलेजात... नाव... काढलं." ती थबकली. पुन्हा वाचलं. मग ती ओरडलीच, "अवो, ऐकलं काय! पोरीनं कॉलेजात नाव काढलं!"

रूपराव हात धूत होते, तसेच ओल्या हातांनी आले. कमलाकाकू कुंपणावरून डोकावली. मलाही आनंद झाला. खरं सांगतो, मॅडमचे शब्द मी ऐकले होते, तरी मला उमगलं नाही. मी पडलो भांडं. नाव टाकतात एवढंच मला ठाऊक. पोर पहिली आली, तेव्हा नाव काढलं म्हणजे नावलौकिक मिळवला, असंच मीही धरून चाललो. 'घरी आली की सांगते' यात बक्षिसाची गोष्ट असणार, असा भागीरथाबाईचा अंदाज. तिनं त्याच पावली साखरेचा डबा काढला आणि घरोघरी चिमूट चिमूट साखर वाटली.

लेकीला लगेच फोन लावावा, असं रूपरावांनी सुचवलं. तेव्हा ती म्हणाली, "फोन नाई. उद्या डबाच बोलन."

दुसऱ्या दिवशी माझ्या तिन्ही कप्प्यांत पुरणपोळ्या होत्या. वरच्या कप्प्यात एका पुडीत कुंकू लावलेल्या अक्षता. फाट्यावर भागीरथाबाईनं कैलासभाऊंच्या हातावर साखर ठेवली, ड्रायव्हरच्या ठेवली, पुढच्या बाकावर बसलेल्या दोन अनोळखी बायांच्याही ठेवली.

वर्ध्याच्या स्टँडवर गाडी लागली. आचल पुढे आली तसे कैलासभाऊ दारातूनच म्हणाले, "काय व आचल, नाव काढलं म्हंते! तुह्या आईनं साऱ्या गाडीले साखर वाटली आज."

पोर जागच्या जागी उभी राहिली. मग बाकावर बसून तिनं माझी कडी उघडली. पुरणपोळ्या पाहिल्या. अक्षतांची पुडी सोडली आणि काय झालं ते तिच्या ध्यानात आलं. तिनं एक घासही घेतला नाही. मला तसंच बंद करून ती संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून राहिली. वर्षभरात मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. माझी पिशवी तिनं छातीशी धरली होती, आणि मला तिच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते.

संध्याकाळच्या गाडीनं ती मला घेऊन स्वतःच निघाली. वर्षभर मी आणि ती एकाच रस्त्यानं गेलो-आलो, पण एका गाडीत एकत्र बसायचा योग क्वचितच यायचा. कैलासभाऊंनी तिकीट फाडताना तिच्याकडे पाहिलं आणि ते पुढच्या बाकाकडे वळले.

फाट्यावर भागीरथाबाई माझ्या पिशवीसाठी उभी होती. गाडीतून लेक उतरलेली पाहून तिला काय करू नि काय नको असं झालं. तिनं तिथेच लेकीवरून हात ओवाळून बोटं कडाकडा मोडली. घरी आल्यावर कमलाकाकूनं तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं. आचल मान खाली घालून सगळं सोसत होती. बाया गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि आईसमोर मला ठेवलं. भागीरथाबाईनं मला उचललं. मी जड होतो.

"खाल्लं नाई काऊन व?"

"आई, मी नाव काढलं म्हंजे..." आचल आईशेजारी खाली बसली. "म्हंजे दाखला घेतला. तिथला विषय बंद झाला. मले पुन्याच्या विद्यापीठात जागा भेटून राह्यली, दुसऱ्या वर्षाले. म्या तुले तेच लिहलं होतं. कॉलेजातून नाव काढलं."

भागीरथाबाईनं मला खाली ठेवलं. "म्हंजे नाव काटलं?" तिनं हळूच विचारलं. "अन् म्या साखर वाटली?"

आचलनं मान हलवली. मला वाटलं, आता भागीरथाबाई रागावेल, कपाळ बडवेल. तिनं तसलं काहीच केलं नाही. माझ्या पोटावरच्या तिच्या नावावरून तिनं एकदा अंगठा फिरवला.

"पुन्याले माहा डबा कसा पोचन व?" ती म्हणाली.

दाराशी रूपराव उभे होते. ते क्वचितच बोलत, त्या दिवशी बोलले. "आपन एवढी भाजी बाजारात धाडतो. ते कुठवर जाते, आपल्याले ठाव असते काय? जाऊ दे पोरीले."

"भाजी परत येत नाई, अवो," भागीरथाबाई म्हणाली. "गेली तं गेली. पोरीचं तसं असते काय?"

त्या पुरणपोळ्या तिघांनीही खाल्ल्या नाहीत. सकाळी त्या गाईपुढे गेल्या.

पण मित्रांनो, भागीरथाबाईचा स्वभाव पाहा. सकाळी कमलाकाकूनं विचारलं, "मंग बक्षीस काय भेटलं पोरीले?" तेव्हा ती तटकन म्हणाली, "पुन्याच्या विद्यापीठानं बलावलं तिले. त्याहून मोठं बक्षीस असते काय?" घरात ती चार दिवस लेकीशी धड बोलली नाही, पण गावात लेकीची मान खाली जाऊ दिली नाही. पाचव्या दिवशी ती आपणहून लेकीच्या कपड्यांना इस्त्री करायला बसली. तोच तिचा होकार होता.

जायचा दिवस आला. वर्धा स्टेशनवरून गाडी होती, म्हणून सकाळच्याच एस.टी.नं निघायचं होतं. वाटेसाठी दशम्या आणि चटणी बांधली ती कागदात. मी फळीवरून पाहत होतो. आचलनं मला काढलं आणि पिशवीत घालायला लागली. "हा डबा मी नेते, आई."

भागीरथाबाईनं मला तिच्या हातून काढून घेतलं. "नको. हा रोज परत येणारा डबा हाय. तिकडं नेला तं परत कोन आनन?"

ती मला घेऊनच फाट्यावर आली. का आणलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. हाताला सवय झाली होती. गाडी आली. आचल पाया पडली. भागीरथाबाईनं तिला उठवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं.

"इथलं काढलं तं काढलं," ती म्हणाली. "आता तिथं नाव काढजो."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तरी ती मला पोटाशी धरून कितीतरी वेळ उभी होती. मी रिकामा होतो, आणि रिकामाच घरी आलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आता मला सांगायला जड जातं तो दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे भागीरथाबाई उठली. कणिक मळली. पहिल्या आचेवर वांग्याची भाजी टाकली, शेवटी चिमूटभर मीठ वरून. माझे कप्पे भरले, कडी लावली, आणि सातच्या आधी फाट्यावर येऊन उभी राहिली. मला वाटत होतं, आता तिला आठवेल, मग आठवेल. गाडी आली. तिनं मला पुढे केलं.

कैलासभाऊंचा हात अर्ध्यावर थांबला. "मावशी..." ते म्हणाले. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं. त्यावर काहीही नव्हतं, रोजच्यासारखाच होता तो. त्यांनी मला घेतलं आणि नेहमीच्या कोपऱ्यात ठेवलं.

मी वर्ध्याला गेलो. स्टँडवर कोणी आलं नाही. दिवसभर मी गाडीतच होतो. जाळीतून ऊन आलं, पोळ्यांचा वास माझ्यातच कोंडून राहिला. संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत निघालो. रिकामा डबा परत येऊ नये म्हणतात. मित्रांनो, भरलेला डबा परत येणं त्याहून वाईट असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

फाट्यावर कैलासभाऊंनी खाली उतरून मला तिच्या हातात दिलं. माझं वजन तिच्या मनगटाला लागलं, आणि ती भानावर आली. "आवं माय," एवढंच ती म्हणाली. कैलासभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. घंटी द्यायला त्यांना बराच वेळ लागला.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि मला उघडलं. भाजी थोडी आंबूस झाली होती, पण अन्न टाकायचं नसतं, म्हणून तिनं एक घास तोंडात घातला. वर्षभरात पहिल्यांदा तिनं माझ्यातलं अन्न चाखलं. तिचा हात थांबला. तिनं दुसरा घास घेतला, मग पाणी प्यायली.

"केवढं खारं!" ती म्हणाली. मग रूपरावांना हाक मारली. "अवो, पाहा बरं हे. पोरगी वर्षभर हे खाऊन राह्यलती. भाजी मस्त झाली म्हने. एक दिवस बोलली नाई."

रूपरावांनी एक घास खाल्ला आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. भागीरथाबाई मग रडली. लेक गेली तेव्हा ती रडली नव्हती. विषय बंद झाला ते, साखर वाटली ते, नाव काढलं ते, सगळं त्या एका घासानं वर आलं. ती रडत होती आणि खात होती. तिनं तिन्ही कप्पे संपवले. मला थांबवता येत असतं तर मी माझं झाकण घट्ट लावून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला धुतलं आणि या वेळी कोरडं पुसलं. मग आचलच्या जुन्या वहीतला एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसली. अक्षर मोठ्यानं म्हणायचं आणि मग काढायचं, अशी तिची रीत, म्हणून मला मजकूर ठाऊक आहे. चार ओळींना उन्हं कलली. 'आचल, मीठ जास्त होतं. सांगाचं होतं व. मी रागावली नाई. ये.' तो कागद तिनं माझ्या वरच्या कप्प्यात ठेवला. फोनवर हे सांगता आलं असतं. पण काही गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, हे तिला लेकीनंच शिकवलं होतं.

त्याला आता सव्वा वर्ष होऊन गेलं. आचल पहिल्या दिवाळीला येणार होती, पण परीक्षा आली. मग उन्हाळ्यात येणार होती, तेव्हा कसलासा प्रकल्प निघाला. रोज फोन येतो. "जेवली काय व?" "जेवली, आई." ती तिकडे खरंच नाव काढते आहे. तिकडच्या मॅडमनी शाबासकी दिली, कुठेतरी फोटो छापून आला, रूपरावांनी तो भिंतीला चिकटवला. घराला तिचा अभिमान आहे. मलाही आहे.

मधे एकदा ती आली होती, समुद्रपूरला नात्यातलं लग्न होतं तेव्हा. सकाळी आली, संध्याकाळी निघाली. निघताना स्वयंपाकघरात येऊन तिनं मला फळीवरून खाली काढलं. किती आनंद झाला मला! तिनं पोटावरच्या नावावर बोट फिरवलं, मग मला कानाशी धरून हलवलं. खालून खुळखुळ आवाज आला.

"आता यात बी ठेवते काय, आई?" तिनं विचारलं.

भागीरथाबाई दारात उभी होती. तिचे ओठ हलले. पण बाहेरून रूपरावांनी गाडी चुकेल म्हणून आवाज दिला, आणि ती म्हणाली, "हो व, सांबाराचं." आचलनं मला पुन्हा फळीवर ठेवलं. वरच्या कप्प्यात काही वाजत नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

मित्रांनो, तुम्हीही उद्या शिकायला दूर जाल. जरूर जा. एका ठिकाणचं नाव काढून दुसऱ्या ठिकाणी घालावं लागलं तरी जा, फक्त घरी आधी सांगा. रिकामं भांडं परत धाडू नये ही रीत चांगली आहे, पाळा. पण लेकरांना ती लागू नाही. तुम्ही रिकाम्या हातांनी आलात तरी घरच्यांना चालतं. मीठ जास्त झालं असेल तर तेही सांगा, आई कमी टाकेल. आणि घरी आलात की जुन्या डब्याला नुसतं हलवून पाहू नका. दोन मिनिटं बसा, कडी काढा, उघडून पाहा. घरातल्या माणसांचंही तसंच असतं.

माझी कडी अजून घट्ट आहे. कागद कोरडा आहे, पेन्सिलीचं अक्षर फुटत नाही. मी जपून ठेवलं आहे, आचलबाई. आता पुन्हा दिवाळी जवळ आली आहे.